सरासरी साठ

नंदुरबारमध्ये कुठलंही यंत्र बिघडलं की पहिला संशय मिरचीवर जातो. यात अंधश्रद्धा फारशी नाही. हंगाम लागला की बाजार समितीच्या दारात ओल्या लाल मिरचीच्या गाड्या रांगेने उभ्या राहतात, व्यापारी ती मिरची घेऊन गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळत घालतात, आणि मग वारा ज्या दिशेला वाहील त्या दिशेच्या गल्ल्यांनी खोकायचं, असा गावाचा अलिखित करार असतो. पथारी दिसायला फार देखणी. नजर पोहोचेल तिथवर लाल. पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास फोटो काढायला थांबतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या फोटोला शिंकतात. आम्ही शिंकत नाही. आमची नाकं पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेली आहेत. सुरतेहून नव्याने आलेल्या संगणकाचं नाक मात्र तयार नसतं.

हा संगणक माझ्या भाच्याचा. घेतला अभ्यासासाठी. सीईटीच्या अभ्यासाला तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड, काचेच्या भिंतीचा कॅबिनेट आणि सात रंगांत उजळणारा कीबोर्ड कशाला लागतो, हे कोणी विचारलं नाही. दाजी शहादा तालुक्यातले कापूस-ऊसवाले. ट्रॅक्टर घ्यायचा तर चार गावांत चौकशी करतील, टायरला लाथ मारून बघतील. पण संगणकाच्या दुकानात लाथ नेमकी कशाला मारायची हे न कळल्यामुळे ते बाहेर चहा पीत बसले. लग्नाचा बस्ता सुरतेला, म्हणून संगणकही सुरतेला. ताईने साड्यांच्या दुकानातली घासाघीस तिथेही केली आणि किंमत होती तिथेच ठेवून एक माउस पॅड फुकट मिळवला.

ग्राफिक्स कार्ड जुनं होतं. २०२१च्या सुमारास जगभरचे लोक असल्या कार्डांवर आभासी चलन खणत बसले होते, त्यामुळे नव्या कार्डांचे भाव आभाळाला टेकले होते. सप्टेंबर २०२२मध्ये त्यातल्या इथेरियम या चलनाने आपली खाणच बंद केली आणि रात्रंदिवस राबून दमलेली कार्डं बाजारात आली. दुकानदार म्हणाला, "एका सीए साहेबांच्या ऑफिसातलं आहे. फक्त टॅलीला वापरलंय." तीन पंखे लावून टॅली करणारे सीए सुरतेत असतीलही. शहर मोठं आहे.

तक्रार सुरू झाली ती अशी. गेममधला हीरो धावत येतो, भिंतीवरून उडी मारतो आणि हवेतच थबकतो. पापणी लवेपर्यंतच, पण खाली उभ्या असलेल्या शत्रूला थबकायचं काही कारण नसतं. हीरो जमिनीवर टेकतो तेव्हा मेलेला असतो. भाचा टेबलावर मूठ आपटतो, ताई स्वयंपाकघरातून विचारते, "झाला का अभ्यास?"

मला या विषयातलं काही कळत नव्हतं, पण मामा असल्यामुळे कळून घ्यावं लागलं. पडद्यावर हलणारं असं काही नसतंच. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला साठ स्थिर चित्रं काढून देतं. एकेका चित्राला वेळ मिळतो साधारण १६.७ मिलिसेकंद. एखादं चित्र वेळेत तयार झालं नाही की पडदा मागचंच दाखवत राहतो आणि डोळ्याला हिसका बसतो. बोलपट आल्यापासून सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो, आणि आमच्या टॉकीजमध्ये कधी कोणी उठून पैसे परत मागितले नाहीत, कारण त्या चोवीसांतलं प्रत्येक चित्र आपल्या ठरल्या वेळी येतं. डोळा कमी चित्रांवर भागवून घेतो. अवेळी आलेलं चित्र त्याला खपत नाही.

आमच्याकडे आजारी माणूस आणि अडकलेलं यंत्र यांना भेटायला तीच मंडळी येतात. पहिला आला गल्लीतला वायरमन. त्याने कॅबिनेटच्या काचेतून आत पाहिलं आणि निकाल दिला, "व्होल्टेज शे भो, दुसरं काय नही." संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की आमच्याकडे ट्यूबलाइट विचारात पडते, हे खरंच आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवरात आमच्या अक्राणी-अक्कलकुव्याची गावं बुडाली आणि त्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राला मिळाला. त्यातले किती व्होल्ट उलट चालत आमच्या गल्लीपर्यंत येतात हा वेगळा विषय. पण संगणकाचा वीजपुरवठा करणारा डबा बरेच चढउतार गिळून टाकतो, आणि गिळवेनासं झालं की सरळ बंद पडतो. अर्धवट अडकत चालणं हा त्याचा स्वभाव नाही. हे वायरमनला सांगितलं, तर तो म्हणाला, "मंग न्यूट्रल लूज असंल."

मग पुण्याला हिंजवडीत नोकरी करणाऱ्या चुलतभावाला व्हिडिओ कॉल लावला. तो आयटीत आहे, म्हणजे आयटी कंपनीच्या पगारपत्रकाच्या विभागात आहे. पण नंदुरबारहून पाहिलं की हा फरक दिसत नाही. त्याने कपाळाला आठ्या घालून विचारलं, "रिस्टार्ट करून पाहिलं का?" पाहिलं होतं. "मग अवघड आहे," तो म्हणाला आणि मीटिंगला गेला.

सगळ्यात ठाम होता स्टँडजवळचा संगणक दुरुस्तीवाला. "फॉरमॅट मारावा लागेल." या माणसाकडे एकच औषध आहे आणि ते तो गेली कित्येक वर्षं सगळ्या रोगांवर देतो. संगणक हळू चालतो, फॉरमॅट. आवाज येत नाही, फॉरमॅट. एकाच्या कीबोर्डचा स्पेसबार निखळून पडला होता, त्यालाही त्याने आधी फॉरमॅट मारला आणि मग फेव्हिक्विक लावलं. भाच्याच्या अभ्यासाच्या नोट्स सी ड्राइव्हवर होत्या, त्या गेल्या. गेम डी ड्राइव्हवर होता, तो वाचला. भाच्याच्या चेहऱ्यावर मला तरी दुःख दिसलं नाही. त्या संध्याकाळी गेम लोण्यासारखा चालला, सगळ्यांनी दुरुस्तीवाल्याचं कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हीरो पुन्हा हवेत लटकला.

शेवटी आजीने सूत्रं हाती घेतली. एवढा सात रंगांत उजळणारा डबा दारासमोरच्या खोलीत ठेवलाय, येणारा-जाणारा बघतो, नजर लागणार नाही तर काय होईल? तिने मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेतल्या, कॅबिनेटवरून ओवाळल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. निखारे होते कॅबिनेटच्या पुढ्यात. कॅबिनेटच्या तोंडाला हवा आत ओढणारे पंखे असतात आणि पाठीला बाहेर फेकणारे, हे आजीला कोणी सांगितलं नव्हतं. धूर पुढून आत गेला आणि गरम होऊन मागून सगळ्या घरात पसरला. पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेली नाकंही त्या दिवशी हरली. दाजी अंगणात जाऊन खोकत होते, शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. आजीने डोळे पुसत शांतपणे निष्कर्ष सांगितला: ठसका लागला, म्हणजे नजर नव्हती. नजर असती तर मिरचीचा वासही आला नसता. सगळ्या जाणकार मंडळीत एक शक्यता पुराव्यानिशी निकालात काढणारी आजी एकटीच.

त्यानंतर मात्र कॅबिनेट उघडण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. गच्चीवर नेऊन ब्लोअर लावला. आधी निघाली साधी धूळ, मग कापसाचे बारीक तंतू गुरफटून झालेली गादी, आणि शेवटी पंख्याखालच्या पात्यांच्या फटीतून तांबूस रंगाची पूड. गच्ची रिकामी व्हायला वेळ लागला नाही. म्हणजे पहिला संशय अगदीच खोटा नव्हता. मिरची आरोपींमध्ये होती, पण एकटी नव्हती. सीए साहेबांच्या कार्डावरचं उष्णता वाहून नेणारं मलम वाळून खपली झालं होतं. टॅलीच ती, पण जोरात केलेली असणार.

पण मुख्य साथीदार घरातच होते. पहिलं म्हणजे ते कॉम्प्युटर टेबल. मराठी घरात संगणकासाठी जे टेबल मिळतं त्यात कॅबिनेट ठेवायला एक खण असतो: तीन बाजूंनी प्लायवूड, चौथ्या बाजूला बिजागरीचं दार. त्यात कॅबिनेट बरोब्बर बसतो, इतका बरोब्बर की हवेला शिरायला जागा उरत नाही. दुसरं म्हणजे ताईने विणलेला क्रोशाचा रुमाल. आमच्याकडे टीव्ही, फ्रिज, मिक्सर, सगळ्यांच्या डोक्यावर रुमाल असतो. नव्या पाहुण्याला उघड्या डोक्याने कसं बसवणार? रुमालाने वरची जाळी झाकली होती. भाचा चिडला तर ताई म्हणाली, "धूळ जाऊ नये म्हणून घातला ना!" आणि धूळ खरंच वरून गेली नव्हती. ती पुढून गेली होती.

आता उष्णतेचं गणित सांगतो. प्रोसेसर ९५ अंशांच्या आसपास पोहोचला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४३-४४च्या पुढे जातो, आणि पंखा कितीही महागाचा असला तरी खोलीतल्या हवेपेक्षा गार हवा तो आणणार कुठून? उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार आख्खं नंदुरबारही असाच वेग कमी करतं. दुकानदार शटर अर्धं ओढून गल्ल्यामागे आडवा होतो, गिऱ्हाईक आलं तर एक डोळा उघडून "चारनंतर या" म्हणतो. त्याला कोणी फॉरमॅट मारत नाही.

दाजींनी उपाय सुचवला: कॅबिनेट कूलरसमोर ठेवा, ताजी खस घातली आहे. ओलसर वाऱ्याचे तुषार थेट मदरबोर्डवर जातील या कल्पनेने भाचा पांढरा पडला. शेवटी कॅबिनेट प्लायवूडच्या तुरुंगातून बाहेर आला, उघड्या स्टुलावर बसला आणि घरातला एकमेव टेबलफॅन त्याच्याकडे वळला. आजी पदराने वारा घेत म्हणाली, "मानसेस्ले वारा नही, आनि डबाले पंखा!"

एवढं झाल्यावर भाच्याने पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा लावून घेतला. दर सेकंदाला किती चित्रं येतात ते तो आकडा सांगतो. आकडा होता साठ. छान होता. आणि तरीही हीरो अधूनमधून लटकत होताच. भाचा म्हणे, "मामा, सरासरी साठ येतेय, मग अडकतंय कुठे?"

या प्रश्नाचं उत्तर २०११मध्ये मिळालेलं आहे. स्कॉट वॉसन नावाच्या अमेरिकी लेखकाने 'टेक रिपोर्ट'मध्ये 'इनसाइड द सेकंड' हा लेख लिहिला आणि सगळ्या परीक्षकांना सांगितलं की सेकंदाची सरासरी काढू नका, सेकंदाच्या आत डोकावा. एकेका चित्राला किती वेळ लागला ते मोजा. समजा ५४ चित्रं आपापल्या वेळी आली आणि पंचावन्नाव्याने सेकंदाचा दहावा भाग खाल्ला. सरासरी भरते ५५. कागदावर सगळं उत्तम, आणि त्या दहाव्या भागात हीरो मेला. पुढे परीक्षक सरासरीच्या शेजारी आणखी एक आकडा छापू लागले: सगळ्यात तळाच्या एक टक्क्याचा. हिसका कुठे आहे ते तिथे दिसतं.

हे समजलं तेव्हा मला संगणकापेक्षा जिल्हाच जास्त समजला. महाराष्ट्राची सरासरी नेहमी झकास असते. उत्पन्न म्हणा, उद्योग म्हणा. १ जुलै १९९८ला धुळ्यातून वेगळे होऊन आम्ही त्या सरासरीत आमची बारीकशी भर घालू लागलो. २०१८मध्ये नीती आयोगाने मागासलेल्या जिल्ह्यांना आकांक्षित असं गोड नाव दिलं, तेव्हा राज्यातून गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचं उस्मानाबाद यांच्या पंगतीला आमचं पान मांडलं गेलं. राज्य सरासरी साठवर पळतंय आणि आम्ही तळाचा एक टक्का. पण म्हणून आमच्याकडे संगणकयुग उशिरा आलं असं कोणी म्हणू नये. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१०ला आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. पंतप्रधान स्वतः आले होते. डिजिटल भारताची पहिली फ्रेम आमच्याकडे उमटली. दुसरी येतेय.

भाच्याच्या धडगावकडच्या एका मित्राला या चर्चेचं हसू येतं. तिकडे डोंगरात अजूनही रेंज शोधत टेकडी चढावी लागते. तिथे चित्र नाही, निरोपच उशिरा येतो, आणि त्याला कार्ड बदलून उपयोग नसतो. नवापूरच्या मित्राची अडचण आणखी निराळी. त्यांचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. तो हरला की सांगतो, मोबाईलने गुजरातचा टॉवर पकडला होता. जिंकला तर टॉवर महाराष्ट्राचा. हिसका यंत्राचा की नेटवर्कचा हे आधी वेगळं करावं लागतं, नाहीतर माणूस रेंज नाही म्हणून रॅम विकत घेतो. घेतलेले लोक आहेत.

मोजायला लागल्यावर उरलेले हिसके दोन जातींचे निघाले. पहिली जात सोपी. गेममध्ये पहिल्यांदा स्फोट झाला की अडकतो, तोच स्फोट दुसऱ्यांदा झाला की अडकत नाही. धूर, आग, पाणी कसं रंगवायचं याची बारीक बारीक सूत्रं असतात, त्यांना शेडर म्हणतात. समोरच्या कार्डाला कळतील अशा रूपात ती तयार करून घ्यावी लागतात. प्लेस्टेशनमध्ये सगळ्यांचं यंत्र एकाच साच्यातलं, म्हणून कंपनी ती आधीच तयार करून पाठवते. पीसी मात्र प्रत्येकाचा वेगळा, म्हणून हे काम कधीकधी ऐन स्फोटात उरकलं जातं. डिसेंबर २०२२मध्ये आलेला 'द कॅलिस्टो प्रोटोकॉल' हा बड्या खर्चाचा गेम याच दुखण्याने पहिल्या दिवशी बदनाम झाला. लाख-लाख रुपयांचं कार्ड घेऊन बसलेले अमेरिकी लोकही हिसके खात होते. हे कळल्यावर भाच्याला फार बरं वाटलं. आपल्या घरातला हिसका जागतिक दर्जाचा आहे. काही गेम सुरुवातीलाच ही तयारी करून घेतात, पडद्यावर तशी पट्टी सरकते. भाचा ती पट्टी दिसताच एस्केप दाबायचा. आता तेवढा वेळ आजी त्याला तुळशीला पाणी घालायला पाठवते.

दुसरी जात गूढ होती. काही तास सगळं सुरळीत, आणि मग अचानक क्षणभर सगळंच गोठतं: चित्र, माउस, आणि आवाज तर टर्रर्र करत एकाच सुरावर अडकून बसतो. गेम बंद असताना, नुसतं कीर्तन ऐकतानाही. बुवा एका अक्षरावर थांबले की आजीला वाटायचं, आलाप घेतायत.

याचा छडा भाच्याने लावला आणि आरोपी निघाला पहारेकरी. विंडोज ११ला टीपीएम नावाची सुरक्षेची व्यवस्था लागते, किल्ल्या सांभाळणारी. एएमडीच्या बऱ्याच प्रोसेसरांत ती आतच असते, आणि तिची तिजोरी मदरबोर्डवरच्या बायोसच्या, म्हणजे यंत्राला जागं करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, चिपमध्ये. ही स्वारी मधूनच तिजोरी उघडून बघायला जायची, आणि ती परत येईपर्यंत अख्खं यंत्र उभं. मार्च २०२२मध्ये एएमडीने स्वतःच हे कबूल केलं आणि मेपासून सुधारलेला बायोस देऊ केला. सुरतेच्या दुकानात पडून राहिलेल्या आमच्या मदरबोर्डात अजून जुनाच बायोस होता. फॉरमॅट या चिपला शिवतही नाही. ही बातमी दुरुस्तीवाल्याला सांगितली. त्याने नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, "तरी एकदा मारून बघू."

बायोस अपडेट करणं म्हणजे काही मिनिटांचं काम. फक्त एक सूचना असते: अपडेट चालू असताना वीज बंद करू नका. ही सूचना तैवानमध्ये लिहिलेली आहे. नंदुरबारमध्ये वीज आपण बंद करत नाही, ती जाते. आणि मध्येच गेली तर आमच्यासारख्या स्वस्त मदरबोर्डचा दगड होतो, पुन्हा उठत नाही.

म्हणून मुहूर्त काढावा लागला. संध्याकाळ नको, मोटारी सुरू होतात. दुपार नको, कूलर सुरू असतात. ढग आले तर नकोच. वायरमनला बोलावून विचारलं, पाच मिनिटं वीज जाणार नाही याची खात्री देतोस का? तो दचकला. "पाच मिनिटं? भो, याची गॅरंटी मी काय, मंत्रीबी देवाव नही." भाच्याच्या यूपीएसची बॅटरी एवढीच उरली होती की वीज गेली की ती बीप करून तसं कळवायची. मग झेरॉक्सवाल्याचा मोठा यूपीएस रात्रीपुरता उसना आणला आणि पहाटेची वेळ ठरली.

पहाटे घरात बारशापेक्षा जास्त माणसं होती. वायरमन स्वतः आला होता, वायरमन म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. फ्रिज बंद, पंखे बंद, पाण्याची मोटर बंद. दाजी मेन स्विचजवळ हाताची घडी घालून उभे राहिले, कोणी हात लावू नये म्हणून. आजीने देवापुढे दिवा लावला होता. तेलाचा, त्यामुळे त्यावर आक्षेप नव्हता. भाच्याने एंटर दाबलं. पट्टी सरकायला लागली. मध्यावर येऊन थांबली. कोणी श्वास घेईना. तेवढ्यात दूधवाल्याने बेल वाजवली आणि आजी आतून ओरडली, "बेल वाजाडू नको रे, लाइट खर्च व्हई!" दूधवाला घाबरून दूध न देताच पुढच्या घरी गेला.

पट्टी शेवटाला पोहोचली. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं, पडदा काळा. काळाच. ताईने पदर तोंडाला लावला. मग कंपनीचं चिन्ह उमटलं आणि भाच्याने मला मिठी मारली. वायरमन चहाचा कप उचलत सगळ्यांना म्हणाला, "मी सांगेल व्हतं ना, लाइटनाच घोय व्हता." लाइट गेली नाही आणि काम झालं, म्हणजे दोष लाइटचाच, हे त्याचं तर्कशास्त्र आहे. ते खोडून काढायला त्या पहाटे कोणालाच सवड नव्हती.

त्यानंतर टर्रर्र बंद झालं. आणि भाच्याचं खेळणंही. कोपऱ्यातला आकडा एकदा लागला की माणूस गेमकडे बघत नाही, आकड्याकडे बघतो. साठ आले तर पासष्ट का नाहीत? त्याने गेममधलं गवत काढलं. मग सावल्या काढल्या. मग पाण्यातलं प्रतिबिंब, मग धुकं. आता त्या जगात एक हीरो, एक बंदूक आणि एक आकडा एवढंच उरलं होतं. मग त्याला सापडलं की मॉनिटर १४४ चित्रं दाखवू शकतो आणि सेटिंगमध्ये पहिल्या दिवसापासून साठच ठेवलेली आहेत. ती बदलली, आकडा चढला. त्या रात्री तो जेवायला स्वतःहून आला, "झालं" म्हणाला आणि गेम बंद करून झोपला.

हल्ली तो गावातल्या पोरांचे संगणक बघायला जातो. तळोद्याच्या एकाच्या मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डात न लावता मदरबोर्डाला लावलेली होती. कार्ड रिकामं बसून होतं आणि त्याचे हप्ते मात्र नियमित चालू होते. दुरुस्तीवालाही फॉरमॅट मारून थकला की गुपचूप गिऱ्हाईक याच्याकडे धाडतो. अभ्यासाचं काय, हे ताई विचारते. मला विचारत नाही, म्हणून मी उत्तर देत नाही.

रिकाम्या झालेल्या खुर्चीत आता रात्री दाजी बसतात. भाच्याने त्यांना फार्मिंग सिम्युलेटर लावून दिला. स्वित्झर्लंडच्या कंपनीचा शेती करायचा गेम. २०१८च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत तर कापूसही आहे आणि ऊसही. पहिल्या दिवशी दाजींना हसू आवरेना. दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसाने रात्री पुन्हा खोटी नांगरणी करायची? दुसऱ्या दिवशी ते जेवण लवकर आटोपून बसले. बँक कर्ज देते आणि जामीनदार मागत नाही, हे त्यांना पटकन आवडलं. एक बटण दाबलं की मजूर हजर होतो, यावर त्यांचा विश्वास बसेना. इकडचे मजूर ऊसतोडीला गुजरातेत गेलेले असतात आणि मुकादमाचा फोन लागत नाही. कापूस वेचायचं घरभर आकाराचं यंत्र बघून ते खुर्चीतून उठून उभे राहिले. टायरला लाथ मारायचं बटण मात्र नाही, ही त्यांची तक्रार कायम आहे.

परवा रात्री कापसाच्या गठाणींचे ढीग लागले, वर पाऊस, मागे झाडं, आणि यंत्र पुन्हा अडखळायला लागलं. आतल्या खोलीतून भाचा धावत आला.

"पप्पा, थांबा, हलू नका, सेटिंग कमी करतो. तिथे कोपऱ्यात बघा, किती येतात?"

"बघतोय ना मघापासून," दाजी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "कालच्यापेक्षा उतरलाय. आज कापूस विकायचा नाही."